उभं वल्हं

मी नदीत कधी उतरले नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बाई मोठी धाडसी. मी होते गाडीवाली. नवरा आणि त्यांचे दोन मित्र वरच्या पुलापाशी आपापल्या होड्यांत बसून सतलजमध्ये उतरायचे, आणि मी रिकामी व्हॅन घेऊन घाटातल्या रस्त्याने खाली तत्तापाणीला जाऊन त्यांची वाट बघत बसायचे. तिथे नदीच्या अगदी काठावर जमिनीतून कढत पाणी यायचं. वाळूत हाताने खड्डा केला की झाला तुमचा बंब तयार. मी त्यात पाय सोडून पेपर तपासायचे. चंदीगडच्या एका शाळेत गणित शिकवत होते ना! पोरांच्या चुका आणि माझी लाल शाई, दोन्ही कधी संपल्या नाहीत.

आम्ही मूळ नागपूरचे. नव्वदीच्या सुरुवातीला ह्यांना चंदीगडच्या मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली आणि आम्ही सेक्टर २२ मधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. तेव्हा जो तो काहीतरी नवीन आणून राहिला होता. कोणी केबल, कोणी वॉशिंग मशीन. आमच्या ह्यांनी आणली होडी! मी दारात उभी, आणि खाली टेम्पोतून काळी, लांबोडकी, वरून बंद अशी काहीतरी वस्तू उतरून राहिली. मी म्हटलं, "अहो, ही पाण्याची टाकी आडवी का बनवली?"

टाकीच होती म्हणा ना. इंडस्ट्रियल एरियात एका सरदारजींचा फायबरच्या टाक्यांचा कारखाना होता. त्यांच्या वडिलांच्या ऑपरेशनला ह्यांनी भूल दिली होती, तिथून ओळख झाली आणि मग गळ्यात गळे. मनालीला कोण्या गोऱ्याने फुटकी कयाक टाकून दिली होती. सरदारजींनी ती ट्रकवर घालून आणली, तिच्यावरून साचा काढला आणि टाकीच्याच काळ्या फायबरमध्ये चार होड्या थापल्या. मधे एक भोक, त्यात माणूस कमरेपर्यंत शिरतो. कमरेला रबराचा घेर बांधायचा आणि तो भोकाच्या काठावर ताणून बसवायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. त्याला मी घागरा म्हणाले आणि तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. सरदारजी एवढ्या मोठ्या दाढीनिशी काठावरून ओरडायचे, "डॉक्टर साब, घागरा पहन लिया?" आणि गवत कापणाऱ्या बाया ओढणी तोंडाला लावून हसायच्या.

तिसरा गडी म्हणजे ह्यांच्याच इस्पितळातला, मेंदू आणि नसांच्या विभागातला एक तरुण डॉक्टर. सांगलीचा, एकटा राहणारा. रविवारी आमच्याकडे वरणभात खायला यायचा, तो ओघानेच नदीत ओढला गेला. मला वहिनी म्हणायचा, ह्यांना सर. पाण्यात उलटला की सरांच्या नावाने हाका मारायचा आणि जेवायला बसला की मीच कसा वाचलो ते सांगायचा.

आता त्यांचा एक नियम सांगते, कारण आमचं घर पुढे त्याच नियमावर चाललं. नदी खळाळत असते तिथे आवाजाने कानठळ्या बसतात. ओरडून काही उपयोग नाही. म्हणून जो आधी उतरून पुढचं पाणी बघतो, तो मागच्याला खुणेने सांगतो. वल्हं डोक्यावर उभं धरलं, तर या, वाट मोकळी आहे. आडवं धरलं, तर थांबा. आणि हाताने दाखवायचं असेल तर फक्त वाटेकडे दाखवायचं. दगडाकडे कधी बोट करायचं नाही. का, तर वरून येणारा घाबरलेला असतो. त्याला नुसता हात दिसतो, आणि हात जिकडे तिकडे तो जातो. दगड दाखवलात की गेलाच तो दगडावर.

हे ह्यांना इतकं पटलं की त्यांनी ते घरात आणलं. आमची मुलगी एकदा सहामाहीत गणितात नापास झाली. माझीच मुलगी, गणितात! मी तो पेपर घेऊन एकेक चूक तिच्या नाकासमोर नाचवून राहिले होते. हे शांतपणे म्हणाले, "अगं, दगड नको दाखवू. वाट दाखव." मी म्हटलं, "तुमची नदी नदीत ठेवा. चूक दाखवल्याशिवाय गणित येतं का कधी?" पण पोरगी बापाची. तिने तोच हेका धरला. मी काही बोलायला गेले की दोन्ही हात वर करून म्हणायची, "मम्मी, रास्ता दिखाओ, पत्थर नहीं." मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर हिंदीतच. असं आमचं घर. एकटी मी तेवढी दगड दाखवणारी.

वर्षं गेली. बाजारात मोठ्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि सरदारजींच्या फायबरच्या टाक्या कोणी घेईना. अर्धा कारखाना त्यांनी एका शोरूमवाल्याला दिला. तत्तापाणीला आम्ही गेलो की चहावाल्याच्या टपरीच्या खूप वर, कड्यावर, पांढऱ्या रंगाची एक रेघ दिसायला लागली. खाली धरण होणार होतं. ही रेघ म्हणजे पाणी कुठवर येणार त्याची खूण. म्हणजे टपरी, कढत पाणी, सगळे खळाळ, सगळं त्या रेघेच्या खाली. चहावाला ती रेघ दाखवायचा आणि लगेच चहा किती द्यायचे ते विचारायचा. मला मेलीला त्या रेघेखाली बसून चहा घशाखाली उतरायचा नाही.

ह्यांच्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती. मुलगी तलावात आणि सोप्या पाण्यात तयार झाली होती. वरच्या पुलापासून तत्तापाणीपर्यंतचा पूर्ण पल्ला तिने एकदा करावा, धरणाआधी, आणि ह्यांनी तिच्या पुढे राहून तिला खाली आणावं. शेवटचा खळाळ तत्तापाणीच्या अगदी तोंडाशी होता. मधोमध एक मोठा काळा खडक, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा. त्याचं नावच म्हैस. तिथे वरून येणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, काठावरच्या माणसाची खूण बघूनच उतरावं लागतं. "म्हशीपाशी तिला मी बोलावणार," हे म्हणायचे. जेवताना म्हणायचे, स्कूटर पुसताना म्हणायचे. दुसऱ्यांची मुलं मेडिकलला गेली, अमेरिकेला गेली. आमच्या ह्यांना पोरीला म्हशीच्या बाजूने खाली आणायचं होतं. आणि खरं सांगते, मलाही ते बघायचं होतं. एवढी वर्षं मी काठावर बसले होते, मला माझी दोन माणसं एकामागे एक वळणावरून येताना बघायची होती.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमारास ह्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. मी ओरडले, कारण नवा सेट होता. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "मानेत नस दबली आहे. रात्रंदिवस मान वाकवून पेशंटच्या डोक्याशी उभं राहायचं, दुसरं काय होणार?" मला पटलं. का नाही पटणार? डॉक्टर ते, मी थोडीच!

दर हंगामाआधी ही मंडळी एका तरणतलावात सराव करायची. होडी मुद्दाम उलटी करायची, डोकं पाण्याखाली, आणि वल्ह्याचा एक फटका मारून पाण्यातूनच पुन्हा सरळ व्हायचं. ज्याला हे जमलं नाही त्याने त्या वर्षी नदीत उतरायचं नाही, असा त्यांचाच कडक कायदा. त्या सकाळी मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते. हे उलटले. वल्हं वर आलं, फिरलं, पुन्हा खाली गेलं. पुन्हा आलं. मग घागरा सोडवून हे होडीतून बाहेर निघून वर आले, खोकत. पुन्हा केलं. तेच झालं. सरदारजी मोठ्याने म्हणाले, "पानी ठंडा है जी!"  सांगलीकराने ह्यांना हात देऊन बाहेर काढलं आणि तो हात जरा जास्तच वेळ आपल्या हातात ठेवला. मी ते बघितलं. मला वाटलं, किती माया आहे पोराची.

त्यानंतर सगळे एकाएकी मला वाटा दाखवायला लागले. सांगलीकर म्हणाला, "वहिनी, सुट्टी काढा. सरांना घेऊन नागपूरला जाऊन या, आईंना भेटून या." सरदारजींनी मुलीला व्हॅन चालवायला शिकवायचं मनावर घेतलं. ह्यांनी स्वतः घराचे, विम्याचे, कसले कसले कागद मला समजावून सांगितले. एरवी ज्या माणसाला विजेचं बिल कुठे भरायचं ते माहीत नव्हतं, त्याने! मी म्हटलं, "काय अचानक संसार आठवून राहिला तुम्हाला?" हसले. मीही हसले. तिघंही हात दाखवून राहिले होते, आणि मी बाई, हात जिकडे तिकडे बघून राहिले होते. सगळे ज्याच्याकडे पाठ करून उभे होते तो दगड मात्र मला दिसला नाही.

मुलीची बारावीची परीक्षा संपली आणि डोंगरातला बर्फ वितळून पाणी चढायच्या आत आम्ही निघालो. ह्यांनी त्या वर्षी स्वतःच्या कायद्याप्रमाणे नदीत उतरायचं नव्हतं. पण म्हशीपाशी काठावर उभं राहून खूण द्यायला कोणाचा कायदा आडवा येतो? असं ठरलं की सरदारजी सगळ्यांत पुढे जातील आणि म्हशीच्या खाली दोर घेऊन थांबतील. मधे मुलगी. मागे सांगलीकर. आणि तिला खूण देणार तिचा बाप.

पुलापाशी तिने घागरा बसवला. ह्यांना तिच्या शिरस्त्राणाचा पट्टा लावायचा होता. बोटं पट्ट्यावर नुसती फिरून राहिली. तिने वर बघितलं, मग हळूच आपला हात वर नेऊन पट्टा लावला आणि म्हणाली, "हो गया पापा, आपने लगा दिया." मी विचारायला तोंड उघडलं. पण पुढच्या क्षणाला ती पाण्यात होती, आणि पाण्यात गेलेल्या माणसापुढे दुसरं काही सुचत नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा व्हॅनमध्ये माझ्या शेजारी हे होते. इतकी वर्षं हा घाट मी एकटीने उतरले, रेडिओला शिव्या देत. आता शेजारी नवरा बसला होता आणि मांडीवर आडवं वल्हं, ते अर्धं खिडकीबाहेर. समोरून बस आली की मी ओरडायचे, "अहो, आत घ्या ते!" ते उजव्या हाताने आत ओढायचे. बोलणं एवढंच.

तत्तापाणीला पोचलो. मी पाय सोडून बसले नाही. म्हशीसमोर काठावर एक उंच सपाट खडक होता, त्यावर ह्यांना हात धरून चढवलं. वारा होता. कड्यावरची पांढरी रेघ आमच्या डोक्याच्या किती वर होती, ते मी मुद्दाम बघितलं नाही. आधी सरदारजी आले. म्हशीच्या उजवीकडून सर्रकन खाली गेले, हात हलवला आणि दोर घेऊन काठाला लागले. मग वळणावर ती दिसली. काळी होडी, लाल शिरस्त्राण. वरच्या शांत पाण्यात येऊन थांबली, आणि शिकवलं होतं तसं, तिने मान वर करून बापाकडे बघितलं.

पाणी नितळ होतं. म्हशीच्या उजवीकडे सरळ, रुंद, हिरवी वाट होती. मला अडाणीलाही दिसत होती. ह्यांनी दोन्ही हातांनी वल्हं उचललं. छातीपर्यंत आलं. खांद्यापर्यंत आलं. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ घट्ट मिटलेले. अजून थोडं. आणि डावा हात निसटला. वल्हं कलंडलं आणि उजव्या दंडावर आडवं पडून राहिलं. अगदी सरळ आडवं.

मी झडप घातली. ते वल्हं हिसकावून डोक्यावर उभं धरलं, जीव खाऊन उभं धरलं. बाप्पा, किती हलकं होतं ते! पण त्यांचा आणखी एक नियम होता. एकदा आडवं दिसलं की मग उभं दिसलं तरी भरवसा ठेवायचा नाही. काठाला लागायचं, उतरायचं, स्वतः बघायचं. पोरगी नियमाची पक्की. तिने वल्ह्याचा एक फटका मारून होडी बाजूला घेतली, घागरा ओढला, आणि उतरली. मागून येणाऱ्या सांगलीकरालाही हाताने थांबवलं. मग होडी खांद्यावर घेऊन ठेचकाळत, दगडादगडांवरून ती काठाने खाली आली. मी अजून वल्हं धरून उभीच. कोणासाठी, काय माहीत.

"पापा, क्या था? लकड़ी फँसी थी क्या?" धापा टाकत तिने विचारलं.

"काही नव्हतं," हे म्हणाले. "वाट मोकळी होती."

"तो फिर?"

"हात गेला, बेटा. मी थांब म्हटलं नव्हतं. मला हात वर नेता आला नाही." मग माझ्याकडे वळले. "मानेची नस-बिस काही नाही ती. आता उजव्यातही सुरू झालं आहे. पुढे पाय, मग गिळणं, मग श्वास. ह्याला औषध नाही."

मी सांगलीकराकडे बघितलं. तो वरून चालत आला होता, त्याने मान खाली घातली. मला असा राग आला की बस! "तुम्हाला माहीत होतं?"

"तरणतलावातच दिसलं होतं, वहिनी. सरांना तर त्याच्याही आधी." त्याने माझ्याकडे बघितलं. "काही करण्यासारखं असतं तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं असतं हो. वाटच नाही तर काय दाखवणार?"

सरदारजी दोर गुंडाळत आले. त्यांना लांबूनच सगळं कळलं असावं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल पुत्तर, बोट ऊपर ले चलते हैं. दोबारा कर. पैडल मैं पकड़ता हूँ, पापा के साथ." ती वाकली, शिरस्त्राणाचा पट्टा काढला आणि म्हणाली, "नहीं अंकल." बस, एवढंच. मग बापाजवळ गेली आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत बसली. हे रडले. मी लग्नानंतर त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आपल्या रोगासाठी नाही रडले. "तिला उतरताना बघायचं होतं गं," एवढंच म्हणत होते.

सामान बांधताना मात्र सगळे पुन्हा बोलायला लागले. सरदारजी म्हणाले, "अगले सीज़न दो सीट वाली बनाता हूँ, डॉक्टर साब. आगे बिटिया, पीछे आप." सांगलीकर म्हणाला, "बाहेरच्या देशांत नवीन औषधांवर काम सुरू आहे, सर." होड्या टपावर चढत होत्या, दोऱ्या आवळल्या जात होत्या, आणि प्रत्येकजण कुठे ना कुठे हात दाखवत होता. चहावाल्यानेही विचारलं, पुन्हा कधी येणार? मी म्हणाले, "येऊ की, दिवाळीनंतर."

सरदारजी आणि सांगलीकर मागून बसने येणार होते, व्हॅनमध्ये आम्ही तिघंच घाट चढायला लागलो. मुलगी मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, आईला कळतं. हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूसुद्धा?"

"मी काय केलं?"

"दिवाळीनंतर म्हणालीस. ते बोलतात, बोलू दे त्यांना. तू तरी नको. माझ्याजवळ एक तरी माणूस चूक दाखवणारं राहू दे."

मी गाडी कडेला घेतली नाही. घेतली असती तर पुन्हा सुरू करता आली नसती मला. समोरच्या वळणावर हॉर्न दिला, गिअर बदलला, आणि म्हणाले, "नाही येणार आपण. दिवाळीनंतरही नाही. कधीच नाही."

"हं," ते म्हणाले. "बरोबर."

मागच्या सीटवर कोणीतरी नाक ओढलं. मी आरसा वर सरकवला आणि गाडी चालवत राहिले.